हुद्दा, खोली आणि पगार

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी एका अमेरिकन दूरदर्शन मालिकेविषयी बोलणार आहे. 'मॅड मेन' ही मालिका २००७ ते २०१५ या काळात प्रसारित झाली. तीत मद्य आणि धूम्रपान यांची रेलचेल आहे. घरातील सर्वांनी मिळून पाहण्याजोगी ती नाही, हे आधीच सांगते. पण आपल्या मुली आता कचेऱ्यांतून कामाला जातात, आणि कचेरीत स्त्रीला अधिकार कसा मिळतो हे इतक्या बारकाईने दाखवणारी दुसरी कथा माझ्या पाहण्यात नाही.

कथा न्यूयॉर्कच्या एका जाहिरात कंपनीत १९६० ते १९७० या दशकात घडते. पेगी ओल्सन ही सामान्य घरातील मुलगी टंकलेखन शिकून सेक्रेटरी म्हणून लागते. लिपस्टिकच्या एका जाहिरातीच्या वेळी तिचे शब्दांवरचे प्रभुत्व वरिष्ठांच्या ध्यानात येते आणि ती जाहिरातलेखिका होते. पण बसायला जागा कुठे? झेरॉक्स मशीनशेजारी! पुढे एक सहकारी गेल्यावर त्याची खोली रिकामी होते, आणि ती सरळ मालकांकडे जाऊन ती मागते. मालक चकित होतात, कारण इतक्या पुरुषांपैकी ती मागण्याचे धाडस कोणालाच झालेले नसते. खोली तिला मिळते.

पगाराचे तसे होत नाही. १९६३ साली अमेरिकेत समान वेतनाचा कायदा झाला. त्याचा हवाला देऊन पेगी वाढ मागते आणि साहेब 'ही वेळ नव्हे' म्हणून तिला परत पाठवतात. येथे एक गोष्ट लक्षात घ्या. प्रत्यक्षात त्या कायद्यातून व्यवस्थापकीय, प्रशासकीय आणि व्यावसायिक पदे १९७२ पर्यंत वगळलेली होती. म्हणजे स्त्री जितकी वर चढे, तितके त्याचे संरक्षण कमी! अखेर पेगी दुसऱ्या कंपनीत जाते. कागदावर अठरा हजार डॉलर लिहिते. समोरचा गृहस्थ एकोणीस हजार करतो.

आपल्याकडे मुलगी नोकरीला लागली की आपण विचारतो, जाण्यायेण्याची सोय आहे ना, बरोबर बायका आहेत ना? प्रश्न रास्त आहेत. पण नेमणूकपत्रावर हुद्दा कोणता, तेच काम करणाऱ्या पुरुषाला किती मिळतात, हे विचारणारे वडील मी क्वचितच पाहिले. भारतातही समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, हे किती घरांत ठाऊक आहे?

जोन हॅरिसची कथा मला अधिक बोचते. सारी कचेरी तीच चालवते. १९६२ साली दूरदर्शन विभागातील संहिता वाचण्याचे काम तिच्याकडे येते; ते ती उत्तम करते, गिऱ्हाईकही खूश होते. मग त्या जागी एका पुरुषाची नेमणूक होते आणि त्याला काम समजावून देण्यास तिलाच सांगतात. तिने हूं की चूं केले नाही. पुढे ती भागीदार झाली, पण त्यासाठी तिला द्यावी लागलेली किंमत या व्यासपीठावरून सांगण्यासारखी नाही. त्याच कचेरीत डॉन ही पहिली कृष्णवर्णीय सेक्रेटरी येते, आणि पुढे जोनच्याच जुन्या जागेवर बसते.

१९७० मध्ये मोठ्या कंपनीत विलीन झाल्यावर जोनला असभ्य वागणूक मिळते. तक्रार करते, तेव्हा येणे असलेल्या पाच लाख डॉलरांपैकी निम्मे घेऊन निघून जा, असे उत्तर येते. ती निम्मे घेते. मग घरातूनच चित्रपटनिर्मितीची कंपनी काढते. पेगीला भागीदारीसाठी विचारते. पेगी नकार देते. कंपनीच्या पाटीवर दोन नावे असली की भारदस्त वाटते, म्हणून जोन स्वतःचीच दोन नावे लावते. एक माहेरचे, एक सासरचे : 'हॉलोवे हॅरिस'.