आधी फोनची तार



संगणकांच्या जाळ्याची गोष्ट १९६९ सालच्या अमेरिकेतल्या आर्पानेटपासून सांगतात. आपली गोष्ट मात्र मुंबईत, जुहू ते पवई, फोनच्या तारेवर सुरू होते. ‘अर्नेट’ हा शिक्षण-संशोधन संस्थांचे संगणक जोडण्याचा केंद्र सरकारचा प्रकल्प १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं उभा राहिला. जुहूला एनसीएसटी ही संस्था होती, डॉ. श्रीनिवासन रमणी तिचे प्रमुख. तिथून पवईच्या आयआयटीशी ई-मेल जाऊ-येऊ लागली, ती साध्या डायल-अप फोनवर.

हे टपाल चालायचं कसं? पत्रं संगणकात साठायची. ठरल्या वेळी संगणक स्वतःच पलीकडचा नंबर लावायचा. इकडचा मोडेम अक्षरांचे आवाज करायचा, तिकडचा मोडेम त्या आवाजांची पुन्हा अक्षरं करायचा. लाइन तुटली की पुन्हा नंबर लावायचा. पत्र लांब जायचं असेल तर वाटेतल्या एकेका यंत्राचं नाव, मध्ये उद्गारचिन्ह घालून, पत्त्यात ओळीनं लिहावं लागे. १९८९च्या सुमारास अमेरिकेशी कायमची लाइन जोडली गेली. वेग सेकंदाला ९६०० बिट. आजचा एक एमबीचा फोटो तिच्यावरून जायला जवळजवळ १४ मिनिटं लागली असती, आणि तेवढ्यावर देशातल्या संशोधकांचा जगाशी पत्रव्यवहार चालला!

म्हणून मला वाटतं, या जाळ्याचं निम्मं श्रेय टेलिफोनवाल्यांचं आहे. इथं आपल्या बडोद्याचा संबंध येतो. सॅम पित्रोदा महाराजा सयाजीराव विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकले. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार-संशोधन संस्थेच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. तिथल्या अभियंत्यांनी खेड्यांसाठी १२८ लाइनींचं डिजिटल एक्स्चेंज बनवलं. एअरकंडिशनर नको, धूळ-उन्हाळा सोसणारं. एक्स्चेंज म्हणजे तरी काय, संगणकच!

१५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएल या सरकारी दूरसंचार कंपनीनं इंटरनेट सर्वांना खुलं केलं, ते आधी महानगरांत. बडोदा त्या पहिल्या यादीत नव्हतं. आपल्याकडं ते नंतर पोचलं, आणि आलं तेही घरच्या फोनच्या तारेवरूनच.

त्या काळी बडोद्याच्या टेलिफोन खात्यात केबल जोडणारे, पावसाळ्यात खड्ड्यात उतरून फॉल्ट शोधणारे लाइनमन आज निवृत्त आहेत. त्यांच्या आठवणी कुठं छापलेल्या माझ्या पाहण्यात नाहीत. आपल्या घरात, शेजारात असं कुणी असेल तर त्यांना बोलतं करा, लिहून घ्या. पत्र पाठवलंत तर मी जरूर वाचीन.