साथीचा रोग आणि शेजारधर्म

(ज्युबिली महोत्सवांत, केळझर येथें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल दिवशीं देवाच्या कृपादानांबद्दल उपकारस्तुति करणें योग्यच आहे. परंतु कोविडच्या साथींतून वांचलेल्या आपण सर्वांनीं आज आपल्या शेजारधर्माचाही हिशेब घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

आपलें केळझर म्हणजेच महाभारतांतील एकचक्रानगरी, अशी येथील परंपरागत समजूत आहे. त्या नगरींत बकासुराचा घास होण्याची पाळी घरोघर क्रमानें येत असे. साथीची पाळी मात्र अशी सारखी येत नाहीं. रोगजंतु जात विचारीत नाहीं, हें खरें. पण जो दाटीच्या खोलींत राहतो, ज्याचें पोट हातावर आहे, ज्याला दवाखान्याच्या पायरीशींच अडविलें जातें, त्याच्यावर ती आधीं येते. हा भेद रोगानें केलेला नव्हे, माणसानें केलेला आहे.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय कॅथलिक वैद्यानें ग्रंथिक संनिपात, म्हणजे प्लेग, ओळखला. पुढील जानेवारीच्या १० तारखेस डॉ. हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञानें आपण तयार केलेली लस प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. इकडे पुण्याबाहेर, मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यांत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याच्या अस्पृश्य मानलेल्या वस्तींतील एका आजारी मुलाला त्यांनीं पाठीवर घेऊन तेथें आणलें. त्यांनाही प्लेग जडला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांनीं देह ठेविला.

त्याच महिन्यांत पुण्यांत गोरे शिपाई घराघरांची झडती घेऊं लागले. रोग्यांना बळजबरीनें बाहेर काढलें गेलें, आणि लोक रोगाइतकेच इलाजालाही भिऊं लागले. रोग तोच, शहर तेंच. सावित्रीबाईंच्या पाठीवर तो माणूस होता, शिपायांच्या नजरेंत तो संशयित होता.

त्याच १८९७ सालीं साथरोगांचा कायदा झाला. त्यांत २०२० च्या एप्रिलमध्यें वटहुकुमानें दुरुस्ती करावी लागली. कारण सेवा करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांवरच लोक हात उगारूं लागले होते. त्याआधीं मार्चमध्यें ईशान्येकडील बांधवांना केवळ त्यांच्या चेहऱ्यावरून रोगाचें नांव घेऊन हिणविलें गेलें. सव्वाशे वर्षांत लस सुधारली. मन किती सुधारलें?

प्रभूच्या दाखल्यांतील जखमी वाटसरूला टाळून जाणारा पहिला मनुष्य याजक होता, हें आम्हां याजकांनीं विसरूं नये. थांबला तो तुच्छ मानलेल्या लोकांतील शोमरोनी. त्यानें वाटेंत प्रार्थना केली कीं नाहीं, हें प्रभु सांगत नाहीं. त्यानें जखमा बांधल्या, उतारशाळेंत नेलें आणि खर्च सोसला, हें सांगतो. तेव्हां लस घेणें, तोंड झांकणें, वैद्याचें ऐकणें यांत श्रद्धेची उणीव नाहीं; तोही शेजारधर्मच आहे.

असा धर्म पाळणारे आपल्या जिल्ह्यांतही झाले. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें १९३६ सालीं मनोहरजी दिवाण यांनीं, ज्यांना घरचेही शिवत नसत त्या कुष्ठरोग्यांसाठीं कुष्ठधाम उभारलें.

म्हणून या ज्युबिलीची खूण म्हणून आम्ही आपणांपाशीं एवढेंच मागतों. पुन्हां साथ आली, तर आपल्यांतील धडधाकट माणसांनीं प्रथम त्या घरीं जावें, जेथें कोणी जात नाहीं. दवाखान्याच्या वाटेवर कोणाची जात, धर्म वा मुलूख विचारूं नये. मृताला त्याच्या रीतीनें, मानानें निरोप द्यावा. आणि हें सारें साथीच्या दिवसांत जमावें, तर त्या घरांचें दार आजपासूनच आपल्या ओळखीचें असलें पाहिजे.

प्रभु आपणां सर्वांस तें बळ देवो.