कार्डावर लिहिलंय, पण करायचं कोणी?

(वस्तीपातळीवरील महिला गटांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सार्वजनिक रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम करते. उपचार डॉक्टर करतात. पेशंट घरी गेल्यावर त्या उपचारांचं काय होणार, हे बघणं माझ्याकडे येतं. आज मला ‘छोट्या झटक्या’विषयी बोलायचं आहे.

आपण म्हणतो, अंगावरून वारं गेलं. कुणी लकवा म्हणतं, डॉक्टर पक्षाघात म्हणतात. बहुतेक वेळा होतं असं की मेंदूला रक्त नेणारी वाहिनी गुठळीने बंद होते आणि त्या भागाचं काम थांबतं. कधी गुठळी आपोआप सुटते आणि काही मिनिटांत, फार तर तासाभरात, सगळं पूर्ववत होतं. कधी थोडीशीच इजा राहते. बोटांत जोर कमी येतो, जीभ जरा अडखळते. पण बाई चालते, बोलते, चहा टाकते. म्हणून घर म्हणतं, बरी झाली. तीही तेच म्हणते.

फसगत होते ती इथेच. मोठा झटका येण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत, आणि पुढचे तीन महिनेही तो बराच राहतो. २००७ साली इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या एका अभ्यासात दिसलं, की अशा पेशंटना ताबडतोब तपासून लगेच औषधं सुरू केली, तर तीन महिन्यांतला हा धोका सुमारे ८० टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे छोटा झटका ही सूचना असते, आणि ती ऐकली तर उपयोग होतो.

म्हणून हे पाठच करा. तोंड एका बाजूला वाकडं होणं, वर धरलेला हात आपोआप खाली येणं, बोलणं अडखळणं, एकाएकी दिसेनासं होणं किंवा तोल जाणं. यातलं काहीही झालं, आणि पाच मिनिटांत गेलं तरीसुद्धा, १०८ ला फोन करायचा. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जायचं. किती वाजता सुरू झालं ते सांगायचं, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. कबुतराचं रक्त चोळण्यात वेळ घालवायचा नाही. ॲस्पिरिनची गोळीही आपल्या मनाने द्यायची नाही. मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर तीच घातक ठरते.

आता घरी परतल्यावरचं. डिस्चार्ज कार्डावर चार ओळी असतात. गोळ्या नियमित घ्या. मीठ कमी करा. रोज चाला, व्यायाम करा. तपासणीला या. शाळेत आपण शिकलो की वाक्यात कर्ता असतो. या वाक्यांचा कर्ता कोण?

पेशंट पुरुष असेल तर कर्ता न सांगताच ठरतो. बायको, नाहीतर सून. गोळी हातावर ठेवायची तिने, वेगळी भाजी करायची तिने, चालायला सोबत न्यायचं तिने, त्याची चिडचिड सोसायची तिने. तिचा स्वतःचा रक्तदाब मात्र कुणी मोजलेला नसतो. आणि पेशंट बाई असेल तर? तर कर्ता तीच. आजारी तीच आणि शुश्रूषा करणारीही तीच.

चार घरचा स्वयंपाक करणाऱ्या एक ताई आमच्याकडे होत्या. उजवा हात अर्धा तास बधिर झाला, तीन दिवसांनी दवाखान्यात आल्या. गोळ्या सुरू झाल्या. दुसऱ्या महिन्यात पैसे कमी पडले, तेव्हा नवऱ्याच्या मधुमेहाच्या गोळ्या आल्या, यांच्या राहिल्या. ‘मला काही होत नव्हतं ना,’ असं त्या म्हणाल्या. म्हणजे दुसऱ्या झटक्यानंतर, जमेल तेवढ्या शब्दांत. नवरा दुष्ट नव्हता. घरात काटकसर कुणापासून सुरू करायची, हे त्या घरात फार आधीच ठरलेलं होतं.

रक्तदाबाच्या गोळीचं काम दिसत नाही, म्हणून ती पहिली बंद होते. ‘बीपी उतरलं’ म्हणून बंद, उपास आहे म्हणून बंद, अर्धी करून दुप्पट दिवस पुरवली म्हणून निम्मी बंद. पण बीपी उतरलेलं असतं ते गोळीमुळेच. झटक्याच्या कारणांत उच्च रक्तदाब सर्वांत पुढे आहे. त्यामागे मधुमेह, तंबाखू, हृदयाचे अनियमित ठोके. मिश्रीही तंबाखूच आहे. दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर; त्यात पापड, लोणचं, ठेचा सगळं धरून. बाळंतपणात ज्यांचं बीपी वाढलं होतं, त्यांना पुढेही धोका जास्त असतो. झटका येऊन गेलेल्या बाईने किंवा बीपी असलेल्या बाईने पाळणा लांबवण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

आणखी एक. झटक्यानंतर बऱ्याच जणी गप्प होतात, रडतात, थकतात. घरचे म्हणतात, नाटक करते, आळस चढलाय. हे नाटक नाही. झटक्यानंतर नैराश्य येणं नेहमीचं आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना तेही सांगायचं.

मग आपल्या गटांनी काय करायचं? एक, अशी बाई घरी आली की आठवड्याच्या आत दोघींनी तिच्या घरी जायचं, आणि सगळ्यांना बसवून कार्डावरच्या प्रत्येक ओळीपुढे एक नाव लिहून घ्यायचं. गोळ्या मुलगा आणेल. पाणी नवरा भरेल. सकाळी चालायला शेजारीण येईल. एका घरी सासरे म्हणाले, ‘मीठ मी माझं वरून घेईन,’ आणि भाजी सगळ्यांची एक झाली. एवढ्यानेही फरक पडतो. दोन, गटाच्या पैशातून बीपीचं यंत्र घ्यायचं आणि वहीत आकडे लिहायचे. तीन, तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा रक्तदाब आणि साखर तपासणं हा सरकारी आरोग्य कार्यक्रमाचा भाग आहे. आरोग्य केंद्रात जाऊन ते मागायचं, आणि गोळ्या संपल्या असतील तर सगळ्यांनी मिळून विचारायचं.

बाईला विश्रांती द्या, अशी दया आपण मागत नाही. तिच्या औषधाला घरखर्चात जागा आणि तिच्या कामाला दुसरे हात, एवढंच मागतो आहोत.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या रक्तदाबाचा आकडा लिहून आणायचा. दुसऱ्यांच्या गोळ्यांची वेळ आपल्याला पाठ असते. आता आपला आकडाही पाठ करूया.