सोडा कोणता, ते आधी पाहू



भेस्तानात इतकी वर्षं राहून सुरती खमण आपल्या घरचाच झाला, आणि ‘खावानो सोडा’ही. आंबट ताक किंवा लिंबू मिळालं की तो कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणून खमण फुलतो. हाच सोडा फ्रीजमधला वास ओढून घेतो, करपलेलं पातेलं स्वच्छ करतो.

पण गेल्या गणपतीत आम्ही चुकलो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लास्टरची मूर्ती घरीच विरघळवण्याची रीत दिली आहे. त्यात ‘सोडा’ लागतो एवढंच ऐकलं आणि बादलीत खायचा सोडा ओतला. मूर्ती अर्धीमुर्धीच विरघळली. ते पाणी तुळशीला घातलं, तर तुळस वाळून गेली.

पुण्यात वापरतात ते अमोनियम बायकार्बोनेट. ते साधारण मूर्तीच्या वजनाइतकं घेऊन पाण्यात मिसळायचं, मूर्ती बुडवायची, अधूनमधून ढवळायचं. साधारण 48 तासांत तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसतं. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे खत. तेही भरपूर पाणी घालूनच झाडांना द्यावं. खायच्या सोड्यात मात्र सोडियम असतं, आणि त्याचा क्षार झाडांना सोसत नाही. अमोनियाचा वास उग्र असतो. बादली उघड्या हवेत, मुलांपासून दूर ठेवावी.

शाडूच्या मूर्तीला यातलं काहीच लागत नाही. साधं पाणी पुरतं, माती कुंडीत जाते. यंदा आमच्याकडे शाडूचाच बाप्पा आहे, आणि तुळसही नवी लावली आहे.

गणपती बाप्पा मोरया!