राजाची शपथ आणि कुणब्याची वेठ



पोलंडचा राजा झिग्मुंट वासा यास १५९२ सालीं स्वीडनचीही गादी वारशानें मिळाली. पण चुलता कार्ल उलटला आणि १५९९ त ती गेली. पुढें साठ वर्षें ही भाऊबंदकी पेटत राहिली. कुणबी बांधासाठीं भांडतो तेव्हां दोन घरें बुडतात. राजे भांडतात तेव्हां देश बुडतो.

१६५५ त त्या चुलत्याचा नातू, स्वीडनचा राजा कार्ल गुस्ताव, पोलंडवर चालून आला. झिग्मुंटचा मुलगा यान काझिमेश तेव्हां गादीवर होता. त्याचे पुष्कळ सरदार शत्रूस मिळाले; राजा देशाबाहेर पळाला. कुणबी मात्र शत्रूवर उठला. परत आल्यावर १ एप्रिल १६५६ रोजीं ल्वूफच्या देवळांत राजानें शपथ वाहिली: रयतेच्या छळामुळेंच देवाचा कोप झाला, शांतता होतांच तिचा जाच दूर करीन.

१६६० त ओलिवाचा तह झाला. राजानें स्वीडनवरील हक्क सोडला. शांतता आली, शपथ मात्र विरली! कायदे करणारी सभा जमीनदारांची. तींत कुणब्यास जागा कोठली? १६६८ त राजानें गादी सोडली. कुणब्याची वेठ सुटली नाहीं. रशियाच्या ताब्यांतील पोलंडांत ती सुटावयास १८६४ साल उजाडलें.

म्हणून आम्ही सांगतों, संकटांतल्या गोड वचनांवर विसंबूं नका. मुलांमुलींस शिकवा, आणि जेथें कायदा होतो तेथें आपलीं माणसें पाठवा.