भोंगा आता आपणच



आम्ही गिरणीत होतो तेव्हा भोंगा झाला की पाय आपोआप चालू लागत. उशीर झाला की खाडा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढे एकेक गिरणी बंद पडली, भोंगाही थांबला. तेव्हा कळलं, शिस्त भोंग्याची होती, आमची नव्हती. २०१२ साली गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली. त्याआधी फंडाची पावती, पगाराची चिठ्ठी जमवायची होती. आमच्यातले काहीजण "उद्या बघू" म्हणत बसले आणि मागे राहिले.

पाचवं शील आपण रोज म्हणतो. दारू नको, एवढंच ध्यानात ठेवतो. पण त्यात 'पमाद' हा शब्द आहे. पमाद म्हणजे गाफीलपणा, हयगय. दारू त्याकडे नेते म्हणून ती वर्ज्य. मग न पिताही आपण गाफील राहिलो, तर शील पाळलं कसं म्हणायचं? धम्मपदात अप्पमादावर एक अख्खा वर्ग आहे, तो उगाच नाही.

इथून जवळच, परळच्या डबक चाळीत, एका खोलीत बाबासाहेब शिकले. रात्री दोनला सुभेदार रामजीबाबा त्यांना अभ्यासाला उठवत. पोराला उठवायचं तर बापाला आधी जागं राहावं लागतं, बंधूंनो!

म्हणून आज घरी गेल्यावर एकच अडलेलं काम काढा. जेवणाआधी पंधरा मिनिटं त्याला द्या. उद्यापासून नको, आजच.

नमो बुद्धाय! जयभीम!