ऋतुमती वसुंधरा, ऋतुमती कन्या



मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की मराठी घरातील बोलण्याचा सूर एके दिवशी अचानक बदलतो. काल अंगणात लंगडी खेळणारी मुलगी आज कोपऱ्यात बसलेली दिसते. धाकटा भाऊ विचारतो, "ताई अशी वेगळी का बसली?" आजी उत्तर देते, "तिला कावळा शिवला." तो निरागस बालक खिडकीतून कावळा शोधू लागतो, मुलगी मात्र मान खाली घालते. स्त्रीत्वाच्या उंबरठ्यावर तिला मिळालेला हा पहिला धडा असतो. आपल्या देहात असे काहीतरी घडले आहे, की ज्याचे नावही घेता येत नाही, एवढेच तिला कळते. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे दरमहा तो धडा गिरवला जातो.

हा धडा तिला कोणी दिला? धर्माने दिला, असे म्हणण्याची पद्धत आहे. परंपरेवर टीका करणारे तसे म्हणतात आणि परंपरेचा अभिमान बाळगणारेही तसेच म्हणतात. म्हणूनच परंपरेकडे एकदा डोळे उघडून पाहणे आवश्यक ठरते.

प्रारंभ शब्दांपासून करावा. संस्कृत भाषेने या अवस्थेला 'ऋतू' म्हटले. वसंत, ग्रीष्म, वर्षा यांचे जे नाव, तेच स्त्रीदेहातील या चक्राचेही नाव. सृष्टीची नियमबद्ध गती सांगणारा 'ऋत' हा शब्दही याच कुळातला. 'रज' म्हणजे धूलिकण, तसेच फुलातील परागही. रजस्वला स्त्रीला 'पुष्पवती' असे दुसरे नाव आहे. फळ धरण्यापूर्वी वेलीला फूल येते, त्या फुलाशी स्त्रीच्या या अवस्थेचे नाते जोडणारी दृष्टी किती निकोप असली पाहिजे! आयुर्वेदाने त्याला 'आर्तव' म्हटले. बाराव्या वर्षाच्या सुमारास ते सुरू होते आणि पन्नाशीच्या सुमारास थांबते, ही नोंद सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आहे. आधुनिक वैद्यकाचे निरीक्षण याहून फारसे वेगळे नाही. गर्भाला निवारा मिळावा म्हणून गर्भाशय दरमहा आतून अस्तर तयार करते. गर्भ राहिला नाही तर ते अस्तर रक्तासह बाहेर टाकते आणि पुन्हा नव्याने तयारीला लागते. यात घाण काय आहे आणि लाज कसली आहे? मराठीतला रोजचा शब्दही किती साधा आहे : 'पाळी'. ठरल्या वेळी येणारी, येऊन जाणारी.

शब्दांकडून आता लोकजीवनाकडे वळावे. ओडिशात दरवर्षी जूनच्या मध्याला, मिथुन संक्रांतीच्या सुमारास 'रज' नावाचा उत्सव असतो. पहिल्या पावसाच्या आगमनाबरोबर भूमाता ऋतुमती होते, अशी तेथील शेतकऱ्यांची श्रद्धा आहे. म्हणून तीन दिवस नांगर उभा राहतो. जमीन खणायची नाही, पेरणी करायची नाही. भूमीला विश्रांती आणि भूमीबरोबर घरातील मुली-सुनांनाही विश्रांती. त्यांनी दळण-कांडण करायचे नाही; नवी वस्त्रे नेसायची, पायांना अळता लावायचा, झाडांना बांधलेल्या झोपाळ्यांवर झोके घ्यायचे, पोडपिठा खायचा. चौथ्या दिवशी वसुमतीस्नान होते. भूमीचे प्रतीक म्हणून घरातल्या पाट्याला हळद लावून स्नान घालतात. त्यानंतरच नांगर शेतात उतरतो.

तिकडे आसाममध्ये गुवाहाटीजवळच्या नीलाचल टेकडीवर कामाख्या देवीचे स्थान आहे. गाभाऱ्यात मूर्ती नाही. योनीच्या आकाराची शिळा आणि तिला भिजवत राहणारा झरा, एवढेच देवीचे रूप. जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अंबुवाची पर्वात देवी रजस्वला होते, असे मानून मंदिराचे दार तीन दिवस बंद ठेवतात. लक्षावधी भाविक बाहेर तिष्ठत बसतात. दार उघडल्यावर लाल वस्त्राचा तुकडा प्रसाद म्हणून मिळावा, याची त्यांना आस असते. केरळमधील चेंगन्नूरच्या मंदिरातही पार्वतीच्या ऋतुस्नानाचा सोहळा होतो. या भाविकांपैकी कोणीही देवीला अपवित्र म्हणत नाही. तिला एकांत हवा आहे, विश्रांती हवी आहे, एवढेच ते जाणतात आणि आदराने वाट पाहतात.

प्रश्न उभा राहतो तो येथेच. जे मस्तक देवीच्या लाल वस्त्रापुढे नमते, तेच घरी परतल्यावर लेकीला 'बाजूला बस' म्हणून दटावते. भूमीची विश्रांती पूजनीय आणि मुलीची विश्रांती विटाळ, ही विसंगती समाजमनात कशी शिरली?

महाराष्ट्रालाही सन्मानाची रीत अपरिचित नव्हती. मुलीला पहिल्यांदा 'न्हाण आले' की तिला मखरात बसवत, तिची ओटी भरत, गोडधोड करून आप्तेष्टांना बोलावत. आसामात 'तोलोनी बिया' आणि दक्षिणेत ऋतुशुद्धीचा समारंभ आजही होतो. मात्र त्या मखराला बालविवाहाची काळी किनार होती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मखरातली मुलगी बहुधा सासरी असे आणि मखराचा अर्थ तिच्या कोवळ्या देहावर मातृत्व लादणे असाही होई. ती प्रथा मागे पडली, हे योग्यच झाले. दुःख याचे, की मखर गेले आणि कोपरा तेवढा राहिला.

तीन दिवस वेगळे बसण्यामागे विश्रांतीचा हेतू होता, असे पुष्कळदा सांगितले जाते. भल्या पहाटेपासून विहीर, जाते आणि चूल यांना जुंपलेल्या स्त्रीला तेवढीच उसंत मिळे, हे काही घरांत खरेही होते. परंतु विश्रांती द्यायची, तर अंथरूण उबदार हवे, ताट भरलेले हवे आणि शब्द मायेचे हवेत. गोठ्याशेजारची खोली, फाटकी घोंगडी आणि वरून वाढलेले अन्न, याला विश्रांती म्हणता येत नाही. गडचिरोलीतील माडिया समाजाच्या कुर्माघरात अनेक स्त्रियांनी पावसाळ्याच्या रात्री साप-विंचवांच्या धास्तीत काढल्या आहेत. अशा रूढीचे समर्थन कोणत्याही शास्त्राच्या नावाने होऊ नये.

शास्त्रात कठोर वचने आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. तैत्तिरीय संहितेत एक कथा आहे. विश्वरूपाच्या वधाने इंद्राला ब्रह्महत्येचे पातक लागले. ते एकट्याला पेलवेना, म्हणून त्याने त्याचा भार भूमी, वृक्ष आणि स्त्रिया यांच्यात वाटला. तिघांनी तो स्वीकारला आणि तिघांना वर मिळाले. स्त्रीचा मासिक स्राव हा त्या पातकाचा अंश, असे ही कथा सांगते. या एका कथेवर विटाळाचे केवढे तरी बांधकाम झाले. पण कथा नीट वाचली तर पाप कोणाचे ठरते? हत्या इंद्राने केली. स्त्रीने दुसऱ्याचा भार उचलला आणि त्या बदल्यात संततीचा वर मागून घेतला. ज्याने भार टाकला तो देवांचा राजाच राहिला आणि जिने तो उचलला तिलाच दूर बसवायचे, हा न्याय नव्हे.

महाभारतातील द्यूतसभेचे स्मरण येथे व्हायला हवे. दुःशासनाने केस धरून सभेत ओढून आणले, तेव्हा द्रौपदी रजस्वला होती, एकवस्त्रा होती. तिने ती अवस्था लपवली नाही; स्पष्ट शब्दांत उच्चारली. आणि त्याच अवस्थेत तिने भीष्म-द्रोणांसह साऱ्या सभेला निरुत्तर करणारा प्रश्न विचारला : स्वतःला आधी हरलेल्या युधिष्ठिराला तिला पणाला लावण्याचा अधिकार होता काय? धर्म कशाला म्हणावा, हे सभेतल्या विद्वानांना कळेनासे झाले, तेव्हा तो प्रश्न एका रजस्वला स्त्रीच्या मुखातून आला. तिच्या वाणीला कोणता विटाळ लागला होता?

महाराष्ट्राच्या मातीत तर या विटाळाचे खंडन सातशे वर्षांपूर्वीच झाले आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी स्त्रियांना संन्यासमार्ग खुला केला आणि देहाच्या अन्य द्वारांतून जसे स्राव होतात तसाच हाही एक, त्याचा विटाळ कसला, अशी समजूत घातली. चौदाव्या शतकात चोखोबांच्या पत्नी संत सोयराबाई यांनी आपल्या अभंगात विठ्ठलालाच विचारले, की विटाळावाचून उत्पन्न झालेला देह जगात आहे तरी कोठे? जातीचा आणि स्त्रीत्वाचा, असा दुहेरी विटाळ सोसणाऱ्या त्या माउलीचा हा प्रश्न आहे. तो आजही उत्तराची वाट पाहतो आहे.

यावर कोणी म्हणेल, आता शहरात हे सारे कोण पाळते? कोपरा गेला, हे पुष्कळ अंशी खरे. परंतु कोपऱ्याबरोबर विसावाही गेला, याकडे लक्ष द्यायला हवे. याचे सर्वांत विदारक दर्शन बीड जिल्ह्यात घडले. तेथील नवरा-बायकोचे जोडपे ऊसतोडीला जाते. दोघांचा मिळून एक 'कोयता' गणला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस काम चुकले तर 'खाडा' धरून पैसे कापले जातात. पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावर वाहायच्या. फडात आडोसा नाही, पुरेसे पाणी नाही. अशा स्थितीत पाळीचे दिवस आले की काम चुकते, म्हणून कित्येक स्त्रियांनी गर्भाशयच काढून टाकले. २०१९ मध्ये हे प्रकरण गाजले, तेव्हा राज्य शासनाने समिती नेमली. तिच्यापुढे आलेल्या माहितीनुसार ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली होती. त्यांतील कित्येकींचे वय चाळिशीच्या आत होते. कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया गळी उतरवल्याच्या तक्रारीही पुढे आल्या. अंडाशयही काढले गेले असेल तर हाडांची झीज, अकाली प्रौढत्व हे भोग आलेच.

ओडिशाचा शेतकरी जमिनीसाठी तीन दिवस नांगर सोडतो आणि महाराष्ट्रातल्या फडात हाडामांसाच्या स्त्रीला एक दिवस कोयता खाली ठेवता येत नाही. साखरेचा प्रत्येक दाणा तोंडात टाकताना हे आठवले पाहिजे. जुन्या रूढीने स्त्रीला 'शिवू नका' म्हटले; नव्या बाजाराने 'थांबू नका' म्हटले. तिच्या देहाचे ऐकून घ्यायला दोघांनाही सवड नाही.

मग करायचे काय? आरंभ घरातून व्हावा. मुलीला पहिली पाळी येण्याआधीच आईने तिला जवळ घेऊन सारे सांगावे. 'कावळा' मध्ये आणू नये. त्या दिवशी घरात गोड करावे, तिला औक्षण करावे. समारंभ थाटामाटाचा नको. घराला आनंद झाला आहे, एवढे तिला कळले तरी पुरे. वडिलांनी आणि भावांनी हा विषय जाणून घ्यावा. दुकानातून घडी आणताना ती काळ्या पिशवीत लपवू नये. जिला देवपूजा करावीशी वाटते तिला कोणी अडवू नये, जिला निवांत पडावेसे वाटते तिला कोणी उठवू नये. निर्णय तिचा असावा. पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आहे, असे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. म्हणून सर्वांना वाढून उरलेले खाण्याची तिची सवय मोडली पाहिजे. असह्य वेदना किंवा अतिरिक्त रक्तस्राव 'बाईच्या जातीला सोसावेच लागते' म्हणून सोडून देऊ नये, वैद्याकडे जावे. शाळेत पाणी आणि कडी असलेले स्वच्छतागृह आहे की नाही, हे गावाने पाहावे. ऊसतोडीच्या टोळ्या जेथे उतरतात, तेथील महिलांनी त्यांच्या फडापर्यंत जाऊन विचारपूस करावी.

भाद्रपदात ऋषिपंचमी येते. रजस्वलेच्या स्पर्शाचा दोष निवारण्याचे व्रत म्हणून ती सांगितली जाते आणि त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खात नाहीत. बैलाच्या कष्टांची जाणीव ठेवणारे हे केवढे सुंदर व्रत! त्या दिवशी ताटावर बसताना दोषाचा विचार सोडून द्यावा आणि वर्षभर न थांबता राबणाऱ्या घरातल्या स्त्रीच्या कष्टांचेही स्मरण करावे. व्रताला त्याने उणेपणा येणार नाही.

स्त्रीचे मोठेपण केवळ ऋतूत किंवा मातृत्वात नाही. जिची पाळी थांबली, जिला मूल झाले नाही, जिचे गर्भाशय हिरावले गेले, तीही तितकीच पूर्ण आहे. परंतु सृष्टीचा जो क्रम भूमीत, वेलीत, चंद्रकलांत दिसतो, तोच आपल्या देहातही चालतो, ही जाणीव मुलीला झाली तर तिची मान खाली जाणार नाही. देहातले ऋत ओळखणे, ही अध्यात्माची पहिलीच पायरी आहे. पुढच्या वेळी धाकट्या भावाने विचारले, "ताई आज का झोपली आहे?" तर आजीने सरळ सांगावे, "तिची पाळी आहे, बाळ. तिला पाणी नेऊन दे."